चावी परत येईना : स्टिअरिंग कॉलमवरील इग्निशन लॉकचे हाउसिंग बदलल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण नाशिकचे, भर पावसाळ्यातले. गाडी २०१२ च्या बनावटीची पेट्रोल हॅचबॅक, १,१८,००० किलोमीटर चाललेली. चालकासाठी एअरबॅग होती, चावीच्या मुठीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन पेटू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप होती. मालक शिक्षक, राहायला इंदिरानगरात, नोकरी सिन्नरला. रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर आणि वाटेत मोहदरी घाट. ओळख पटू नये म्हणून गाडीचे मॉडेल, माणसांची आणि गॅरेजची नावे दिलेली नाहीत.

गाडीची चावी एकटी नव्हती. त्याच कडीत घराच्या दोन, शाळेच्या प्रयोगशाळेची एक, कपाटांच्या तीन, स्कूटरची एक आणि सप्तशृंगीचा पितळी छाप. पुढे गॅरेजमध्ये हा जुडगा वजनकाट्यावर ठेवला, तेव्हा २१० ग्रॅम भरला. दुसरी मूळ चावी गाडी घेतल्यापासून कपाटात होती, जवळजवळ न वापरलेली. या दुसऱ्या चावीचे महत्त्व पुढे कळेल.

आठ महिन्यांपासून चावी लॉकमध्ये फिरायला जड जात होती. सकाळी पहिल्यांदा फिरायची नाही. थोडी बाहेर ओढून, हलवून, पुन्हा आत ढकलली की फिरायची. कुणीतरी सांगितले म्हणून चावीच्या भोकात तीन-चार वेळा गंजनाशक स्प्रे मारला गेला. दोन-चार दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा तेच. पातळ तेलाचा स्प्रे सुरुवातीला मळ सोडवतो खरा, पण तेलाचा थर राहतो, त्यावर धूळ आणि पितळेचा कीस बसतो आणि आत काळपट चिखल होतो. आठ महिने असे निघाले, कारण गाडी शेवटी सुरू होत होती.

बिघाड

त्या दिवशी गाडी शाळेसमोरच्या उतारावर लावलेली होती, पुढचे डावे चाक फुटपाथच्या कडेला टेकलेले. संध्याकाळी चावी लावली तर फिरेना. हे मात्र रोजचे अडकणे नव्हते. चाक कडेला दाबलेले असले की स्टिअरिंगचा शाफ्ट, म्हणजे स्टिअरिंगसोबत फिरणारा दांडा, लॉक पिनवर (चावी काढल्यावर शाफ्टच्या खाचेत बसून स्टिअरिंग अडवणाऱ्या खुंटीवर) बाजूने जोर टाकत राहतो. पिन खाचेच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि चावी कितीही पिळली तरी वर उचलली जात नाही. अशा वेळी एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवत, दुसऱ्या हाताने चावी हलकेच फिरवायची असते. शाफ्टचा दाब सुटला की पिन आपोआप मोकळी होते. येथे स्टिअरिंग न हलवता चावीवरच जोर दिला गेला. ‘कट’ असा आवाज झाला आणि चावी एकदम मोकळी फिरली.

इंजिन सुरू झाले, पण सेल्फचा आवाज थांबेना. चावी सोडल्यावर ती ‘स्टार्ट’वरून ‘ऑन’वर आपोआप परत यायला हवी, ती मध्येच अडकली होती. इंजिन चालू आणि सेल्फ गुंतलेला, अशी सात-आठ सेकंदे गेली. सेल्फच्या पिनियनमागे एकतर्फी क्लच असतो, तो इंजिनाच्या वेगापासून मोटारीला वाचवतो. पण त्याने तासभर वाचवावे अशी त्याची बांधणी नाही. शिक्षकांनी चावी हाताने मागे ओढली, आवाज थांबला. मग लक्षात आले की इंजिन चालू असूनही वायपर आणि ब्लोअर बंद आहेत. चावी थोडी पुढे दाबून धरली की दोन्ही चालायचे.

गाडी हलवायची की नाही

निर्णयाची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची जागा हीच होती. गाडी सुरू होत होती. घर तीस किलोमीटरवर, पाऊस लागलेला, अंधार पडायला आलेला. शिक्षकांनी अंबडच्या ओळखीच्या गॅरेजला फोन केला, तो परवानगी घेण्यापुरताच.

“भाऊ, चावी हाताने मागे घेतली की चालते. हळूहळू येतो घेऊन, उद्या बघा.”

“सर, आधी एक करा. गाडी बंद ठेवा, चावी आतच राहू द्या आणि चावीचं अख्खं भोक बोटांनी धरून हलवून बघा. हलतंय का?”

“हलतंय. चांगलं हलतंय.”

“मग गाडी जागची हलवू नका. तो बिघाड चावीचा नाही, स्टिअरिंगचा आहे.”

हे वाक्य नेमके आहे. लॉकचे हाउसिंग म्हणजे जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव ठोकळा. तो कॉलमला, म्हणजे शाफ्ट ज्यातून जातो त्या नळीला, पकडून बसतो. त्याच्या पोटात एका बाजूने चावीचे बॅरल (चावी ज्यात जाते आणि फिरते तो नळकांड्यासारखा भाग), मागच्या टोकाला विजेचा स्विच, आणि आडवी, स्प्रिंगने कायम शाफ्टकडे ढकलली जाणारी लॉक पिन असते. चावी फिरवली की बॅरलच्या मागचा कॅम ही पिन वर उचलून धरतो. बऱ्याच लॉकमध्ये चावी आत असेपर्यंत पिनला रोखणारी एक छोटी पट्टीही असते. पण कॅम आणि पट्टी दोन्ही त्याच ओतीव ठोकळ्याच्या आधाराने उभी असतात. ठोकळ्याला तडा गेला की आधार गेला. कॅम बाजूला सरकला तर पिनला अडवणारे काही उरत नाही, स्प्रिंग तिला शाफ्टच्या खाचेत ढकलते आणि चालत्या गाडीचे स्टिअरिंग जागच्या जागी अडकते. मोहदरी घाटाच्या वळणावर, पावसात, वायपर मध्येच बंद पडणाऱ्या गाडीत हे घडले असते तर काय झाले असते, याचा विचार करूनच गॅरेजवाल्याने ठाम नकार दिला.

दोरीने ओढून आणण्याचा प्रस्तावही आला. त्यालाही नकार मिळाला. दोरीने ओढताना स्टिअरिंग मोकळे राहावे म्हणून चावी फिरवून ठेवावी लागते, म्हणजे पुन्हा त्याच तुटक्या हाउसिंगवर भरवसा. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते, दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. शेवटी सपाट पाठीचा टोइंग ट्रक मागवला. २,२०० रुपये गेले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच गाडी ट्रकवर चढवली, म्हणजे वाटेत स्विच अडकून सेल्फ फिरण्याची भीती नको.

दोष नेमका कुठे

चावी अडकते किंवा नीट फिरत नाही, एवढ्या लक्षणावर चार वेगवेगळे भाग दोषी असू शकतात : चावी, बॅरल, हाउसिंग आणि मागचा विजेचा स्विच. बहुतेक ठिकाणी हे चारही एकच वस्तू समजून ‘लॉक गेलं’ असे सांगितले जाते आणि पूर्ण संच बदलला जातो. येथे आधी चारही भाग वेगळे तपासले, आणि त्या तपासणीने पुढचा सगळा खर्च ठरवला.

पहिली तपासणी चावीची. घरून दुसरी मूळ चावी मागवली. ती लावून बॅरल दहा वेळा फिरवले, दहाही वेळा विनासायास फिरले. रोजच्या चावीने दहापैकी चार वेळा अडले. दोन्ही चाव्या शेजारी ठेवून दातांवर उजेड पाडला तेव्हा फरक डोळ्यांना दिसला : रोजच्या चावीचे दात गोलसर झालेले, टोकाकडचा भाग घासून बारीक झालेला. आठ महिन्यांच्या त्रासाचे मूळ बॅरलमध्ये नव्हते, झिजलेल्या चावीत होते.

दुसरी तपासणी स्विचची. कॉलमखालचे प्लास्टिक कव्हर तीन स्क्रू काढून उतरवले. कव्हरच्या तळाशी राखाडी भुकटी आणि नखाएवढा धातूचा तुकडा सापडला. हा तुकडा म्हणजे स्विच जिथे दोन स्क्रूंनी बसतो, त्यातला एक तुटलेला कान. त्या कानापासून निघालेला तडा कॅमच्या भोकापर्यंत गेला होता. स्विच एकाच स्क्रूवर लोंबकळत होता. चावी फिरवली की स्विचचे अंगच तिच्यासोबत थोडे फिरायचे. म्हणून एक संपर्क अर्धवट लागायचा आणि वायपर-ब्लोअर बंद पडायचे. स्विच तिरका झाल्यामुळे लॉकच्या मागच्या टोकाशी, म्हणजे शेपटीशी, त्याचा जोड आवळला जायचा आणि परतीची स्प्रिंग चावीला मागे आणू शकायची नाही.

मग स्विच पूर्ण सोडवून, त्याचा कपलर (तारांचा जोड) तसाच ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून, चपट्या स्क्रूड्रायव्हरने स्विच हाताने फिरवला. अ‍ॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट हे तिन्ही टप्पे स्वच्छ लागले; ‘स्टार्ट’वरून सोडल्यावर स्विच स्वतःच्या स्प्रिंगने मागे आला. इंजिन पेटले नाही, कारण इमोबिलायझरसमोर चावी नव्हती; पण सेल्फ फिरून वेळेवर सुटला एवढे येथे पुरेसे होते. मल्टिमीटरने बॅटरीच्या तारेवर १२.५ व्होल्ट, ‘ऑन’ केल्यावर दोन्ही इग्निशन तारांवर जवळपास तेवढेच. स्विच चांगला.

म्हणजे चावी झिजलेली, बॅरल ठीक, स्विच ठीक, हाउसिंग फुटलेले.

पर्याय

गाडी टेबलावर नव्हती, पण निर्णय टेबलावर बसूनच झाला. चार वाटा होत्या.

लॉक काढून टाकून पुश-बटण लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्रास सुचवला जाणारा उपाय. यात लॉक पिन कापतात किंवा हाउसिंगच काढतात, बाजारातले बटण जोडतात आणि इमोबिलायझर फसवण्यासाठी चावीची चिप अँटेनाजवळ चिकटवून ठेवतात. याने गाडी कोणीही बटण दाबून नेऊ शकतो. मूळ वायरिंग कापले जाते, ते वेगळेच. चोरीचा दावा करताना विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. चोरीविरोधी लॉक मुद्दाम काढलेल्या गाडीचा दावा कसा टिकणार? हा पर्याय गॅरेजने आपण होऊनच बाजूला ठेवला, आणि ते योग्यच झाले.

जुन्या गाडीचे हाउसिंग भंगारातून आणणे ही दुसरी वाट. ते सहज मिळते आणि स्वस्तही. पण ते ज्या गाडीतून आले तिथे छन्नी-हातोड्याने काढलेले असते; सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही. पिनची आणि कॅमची झीज किती हे कळत नाही. ज्या भागाच्या फुटण्यामुळे स्टिअरिंग अडकू शकते, तो भाग जुना घेऊ नये, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे.

तिसरी वाट कंपनीच्या पूर्ण लॉक संचाची : इग्निशन, दोन्ही दरवाजे, डिकी, नव्या चाव्या. भाव ६,८०० रुपये सांगितला, त्यावर नव्या चिपचे कोडिंग वेगळे. बॅरल खरोखर झिजले असते किंवा एक चावी हरवलेली असती, तर हाच पर्याय बरोबर ठरला असता. बाहेर कोणाकडे तरी असलेली चावी या संचाने निकामी होते.

चौथी वाट निवडली गेली. फक्त इग्निशनचे स्टिअरिंग लॉक असेंब्ली घ्यायचे, ३,४०० रुपयांचे. त्यातले नवे बॅरल काढून जुने बॅरल त्या नव्या हाउसिंगमध्ये घालायचे. त्यामुळे दरवाजा आणि इग्निशन एकाच चावीवर राहतात, चिप आणि कोडिंगला हात लागत नाही, आणि दोन्ही मूळ चाव्या विम्यासाठी वैध राहतात. सोबत, झिजलेल्या चावीऐवजी नवी चावी कापायची. ही नवी चावी जुन्या चावीवरून नक्कल करायची नाही, नाहीतर झीजही नकलेत उतरते. शिक्षकांकडे गाडीच्या कागदांत चावीचा क्रमांक कोरलेला छोटा पत्रा निघाला; त्या क्रमांकावरून दात कापून घेतले.

या निवडीची उणी बाजूही होती आणि ती मालकाला सांगितली गेली : १,१८,००० किलोमीटर वापरलेले बॅरल पुढेही तेच राहणार. नव्या बॅरलचे आयुष्य अर्थातच जास्त. पण मग गाडीला दोन वेगळ्या चाव्या बाळगाव्या लागल्या असत्या. मालकाने एक चावी निवडली.

जुने काढताना

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून टोक कापडात गुंडाळले आणि दहा मिनिटे थांबले. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये तार काढल्यावरही काही काळ चार्ज राहतो. थांबण्याची मुदत कंपनीनुसार बदलते. टोयोटा ९० सेकंद सांगते, होंडा ३ मिनिटे. दहा मिनिटांत बहुतेकांची मुदत बसते, म्हणून गॅरेजची सवय दहाची. एअरबॅगचे पिवळे कपलर ओळखून ठेवले आणि त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही हे शिकाऊ मुलाला आधीच बजावले.

स्टिअरिंगचे चाक काढायचे का, हा दुसरा निर्णय. चाक काढले तर जागा मोकळी होते, पण एअरबॅग आणि त्याखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चाकासोबत गुंडाळली-उलगडली जाणारी चपटी केबल, दोन्हीला हात लावावा लागतो. ही केबल मधल्या स्थितीतून हलली आणि तशीच बसवली, तर पुढच्या पूर्ण वळणाला तुटू शकते. या गाडीत चाक न काढता कॉलम खाली झुकवून काम होणार होते. म्हणून पुढची चाके सरळ केली, स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवले, खालचा जोड न सोडवता कॉलमचे वरचे दोन नट काढले, खालचे दोन बोल्ट सैल केले आणि कॉलम सीटवर ठेवलेल्या उशीवर हलकेच टेकवला.

आता खरी अडचण : शिअर बोल्ट. हाउसिंग कॉलमला ज्या दोन बोल्टांनी आवळलेले असते, त्यांची डोकी ठरावीक जोर आला की तुटून पडतात आणि मागे गुळगुळीत घुमटी उरते. चोराला पाना लावता येऊ नये म्हणूनच ही रचना आहे. काढताना तीच आपल्याला नडते.

पहिली पद्धत पंचाची, म्हणजे हातोडीने ठोकायच्या टोकदार पोलादी सळईची. घुमटीच्या मध्यावर पंच न लावता कडेला, थोडा तिरका लावतात आणि हलक्या ठोक्यांनी बोल्ट उलटा फिरवतात. उजव्या बाजूचा बोल्ट पाच-सहा ठोक्यांत सुटला आणि पुढे बोटांनी निघाला. डावा जागचा हलेना. तेव्हा शिकाऊ मुलाने मोठा हातोडा उचलला आणि मुख्य मिस्त्रीने तिथेच त्याचा हात धरला. कारण साधे आहे : अपघातात चालकाच्या छातीवर आघात होऊ नये म्हणून आधुनिक कॉलम दुमडण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्या दोन नळ्या एकमेकींत सरकू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकच्या बारीक खुंट्यांनी धरलेले असते. मोठ्या ठोक्याने त्या खुंट्या तुटल्या तर कॉलम ढिला होतो, आणि मग तीन हजारांचे काम पूर्ण कॉलमवर जाते.

म्हणून डाव्या बोल्टला ड्रिल लावले. मध्यावर पंचाने खूण, आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग ५ मिलिमीटरचे उलट्या आट्यांचे ड्रिल, ड्रिल मशीन उलट दिशेने. उलट्या ड्रिलचा फायदा असा की भोक पाडता पाडताच बोल्ट सुटण्याची शक्यता असते. येथे तसा सुटला नाही; इझी-आउट (भोकात रुतून तुटका बोल्ट उलटा फिरवणारे हत्यार) ठोकून पान्याने फिरवल्यावर सुटला. ड्रिलच्या पात्यावर १२ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून खोली बांधून घेतली होती. जुने हाउसिंग टाकूनच द्यायचे, त्यामुळे त्याचे आटे खराब झाले तरी चालतात. जपायची असते ती मागची कॉलमची नळी. कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटर-वायपरच्या दांड्यांचा) आणि क्लॉक स्प्रिंग ओल्या कापडाने झाकले होते, तरी पोलादी कीस बाजूला उडालाच. तो आधी लोहचुंबकाने, मग व्हॅक्यूमने काढला. जस्ताचा कीस चुंबकाला लागत नाही, म्हणून व्हॅक्यूम टाळता येत नाही. हा कीस इंडिकेटरच्या स्विचमध्ये शिरला तर महिन्याभराने भलताच बिघाड दाखवतो आणि त्याचे कारण मग कुणाला सापडत नाही.

बॅरलची अदलाबदल

चावी ‘अ‍ॅक्सेसरी’वर ठेवून हाउसिंगच्या बाजूच्या बारीक भोकातून २ मिलिमीटरचा पंच दाबला की बॅरलला अडकवणारी पिन आत जाते आणि बॅरल बाहेर येते. चावी ‘लॉक’वर असताना ही पिन भोकासमोर येत नाही, येथेच पुष्कळ जण जोर लावून पिन वाकवतात.

जुने बॅरल हातात आल्यावर त्यातल्या, चावीच्या दातांनुसार वर-खाली होणाऱ्या पितळी पत्त्या पाहता आल्या. नवी कापलेली चावी घातल्यावर सगळ्या पत्त्या बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट बसल्या. जुनी रोजची चावी घातल्यावर दोन पत्त्या केसभर वर राहिल्या. केसभर वर राहिलेली पत्तीच हाउसिंगला घासते आणि चावी अडवते. बॅरल ठेवण्याचा निर्णय याने पक्का झाला. बॅरल इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, सगळा काळा चिखल निघाला, वाळवून त्यात कोरडी ग्राफाइट पूड फुंकली. तेल नाही. नव्या हाउसिंगमध्ये ढकलल्यावर पिनचा ‘टक’ आवाज आला की चावी धरून जोरात ओढून पाहायचे. बाहेर आले नाही तर बसले.

जुन्या चावीची चिप नव्या चावीत हलवली. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा. तिला स्वतःची बॅटरी नसते, लॉकभोवतीच्या अँटेनाच्या कड्यातून तिला वीज मिळते. ठिसूळ असते, म्हणून मूठ पकडीने न चिरडता सांध्यावर ब्लेडने उघडली. क्रमांकावरून चावी कापणे आणि चिप हलवणे, मिळून ६०० रुपये.

नवे बसवताना

शिअर बोल्ट एकदाच आवळता येतात. डोकी तुटली की चूक दुरुस्त करायला पुन्हा ड्रिल. म्हणून डोकी तोडण्याआधीची तपासणी हा या कामाचा प्राण आहे.

शाफ्टची लांबट खाच कॉलमच्या भोकासमोर मध्यावर आणली. चावी ‘ऑन’वर ठेवून, म्हणजे पिन आत ओढलेली ठेवून, हाउसिंग कॉलमवर बसवले आणि नवे बोल्ट फक्त हाताने टेकवले. मग चावी ‘लॉक’वर नेऊन बाहेर काढली आणि स्टिअरिंग हळू फिरवले. पिन खाचेत पडली, स्टिअरिंग लॉक झाले. पण पुन्हा चावी फिरवली तेव्हा पिन वर येताना घासल्याचा आवाज आला.

अशा वेळी ‘फिरवत राहा, आपोआप बसेल’ असा मोह होतो. येथे बोल्ट पुन्हा काढले. हाउसिंगच्या तळाशी एक छोटा उंचवटा असतो, तो कॉलमच्या नळीतल्या भोकात बसून हाउसिंगची जागा ठरवतो. त्या उंचवट्याखाली ड्रिलच्या कामातला कीस अडकला होता आणि हाउसिंग अर्धा मिलिमीटर तिरके बसत होते. साफ करून पुन्हा बसवले. लॉक-अनलॉक दहा वेळा. स्टिअरिंग डावीकडे टोकाला आणि उजवीकडे टोकाला नेऊन दोन्ही वेळा. घासणे गेले. तेव्हाच बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत नेले आणि दोन्ही डोकी तुटू दिली. एक बोल्ट आधी पूर्ण तोडला तर हाउसिंग एका बाजूला ओढले जाते.

साधे अ‍ॅलन बोल्ट लावावेत का, हे शिकाऊ मुलाने विचारले, पुढच्या वेळी सोपे जाईल म्हणून. पुढच्या वेळी सोपे चोरालाही जाईल, असे उत्तर त्याला मिळाले.

मागचा स्विच बसवताना लॉकची शेपटी आणि स्विचची खाच दोन्ही ‘लॉक’च्याच स्थितीत आहेत हे पाहिले. एक टप्पा चुकला तर चावी काढल्यावरही इग्निशन चालू राहते. दोन्ही स्क्रू आता पूर्ण कानांत बसले. कॉलम वर उचलून नट कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर, आवळले.

निकाल

बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि काही सेकंदांत विझला, जसा विझायला हवा. इंजिन मात्र पेटेना. सेल्फ फिरत होता आणि मीटरवर चावीचे चित्र लुकलुकत होते. चिप हलवताना तुटली की काय अशी शंका आली. दुसरी मूळ चावी लावली, तरी तेच. दोन्ही चाव्यांनी सारखाच दोष म्हणजे चिप नव्हे, अँटेना. कव्हर उतरवून पाहिले तर अँटेनाच्या कड्याचा कपलर अर्धाच दाबलेला होता. दाबल्यावर दोन्ही चाव्यांनी गाडी सुरू झाली. सेल्फ वेळेवर सुटला, वायपर-ब्लोअर चालले, सेल्फचा आवाजही स्वच्छ होता.

मजुरी १,८०० रुपये. टोइंगसह एकूण खर्च ८,००० रुपये. प्रत्यक्ष काम साडेतीन तासांचे, त्यातला जवळपास एक तास एका अडकलेल्या बोल्टचा. पाच महिन्यांनी ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा लॉक पुन्हा तपासले. चावी पहिल्या प्रयत्नात फिरत होती आणि कव्हरखाली भुकटी नव्हती.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या महिन्यातच दुसरी चावी लावून पाहिली असती, तर दोष चावीत आहे हे पाच मिनिटांत कळले असते आणि क्रमांकावरून कापलेल्या एका चावीत प्रकरण संपले असते. कदाचित हाउसिंगही फुटले नसते.

जुडग्याचे वजनही विसरण्यासारखे नाही. बॅरलमध्ये लटकलेले २१० ग्रॅम प्रत्येक खड्ड्यात झोका घेतात. पत्त्या आणि चावीचे दात त्यानेही झिजतात. याहून गंभीर परिणाम जगाने पाहिला आहे : २०१४ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सला जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचा इग्निशन स्विच इतका हलका फिरत होता की जड जुडगा किंवा धक्का लागून तो चालत्या गाडीत ‘ऑन’वरून सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी मान्य केला. तिथला दोष स्विचच्या रचनेचा होता, येथला वेगळा. पण चावीला काय लटकवायचे याचे उत्तर दोन्हीकडे एकच. शिक्षकांची गाडीची चावी आता एकटी असते, देवीचा छाप घराच्या चाव्यांकडे गेला.

गॅरेजच्या बाजूनेही दोन गोष्टी सुधारण्यासारख्या होत्या. अँटेनाचा कपलर बॅटरी जोडण्याआधी, कव्हर उघडे असतानाच तपासायला हवा होता. आणि डाव्या बोल्टवर पंचाचे जास्त ठोके देण्याआधीच ड्रिलकडे वळायला हवे होते; पंच घसरून घुमटीवर ओरखडे पडले की ड्रिलचे टोक मध्यावर थांबत नाही.

काम झाल्यावर मालकाला दिलेल्या पाकिटात असेंब्लीचे बिल, न वापरलेले नवे बॅरल त्याच्या दोन चाव्यांसह, जुनी झिजलेली चावी चिपशिवाय, आणि चावीचा क्रमांक असलेला पत्रा होता. पत्र्याचा फोटो काढून ठेवायला सांगितले, पण पत्रा गाडीत ठेवू नका असे बजावून. त्या क्रमांकावरून कोणीही चावी कापून घेऊ शकतो.